सारवलेल्या कोर्टावरचे बायकांचे बूट

नातीनं परवा बूट आणले. टेनिसचे. खास बायकांचे, असं डब्यावर लिहिलंय म्हणे. मी चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी डबा मला उलटा धरला तरी सुलटाच दिसतो. मयुरी तिचं नाव, नांदेडला कॉलेजात असती, तिथंच खेळती. सुट्टीला आली की माझ्यापुढं बसून सगळं दाखवती. म्हणाली, "आबा, हे बघा, टाच इथं अरुंद केलीय. बाईचा पाय टाचेला बारीक असतो ना. ही बाजूची जाड पट्टी, पळता पळता आडवं वळलं तरी पाय मुरगळत नाही. आणि तळ बघा, माशाच्या काट्यासारखी नक्षी. माती धरतो, पण धरून बसत नाही. जिथं घसरायचं तिथं घसरू देतो." मी बूट हातात घेतला, वाकवून बघितला, तळव्यावर अंगठा दाबून बघितला. चांगला होता. मी विचारलं, "शेणावर चालंल का?" पोरगी हसून हसून आडवी झाली. तिला वाटलं आबाला चळ लागला. तिची आजी असती तर तिनं पदर खोचून सगळी हकीकत सांगितली असती, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली असती. ती आता नाही. वरीस होत आलं. मी घरात एकटा बसलो की भिंतीसंग बोलावं लागतं, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. म्हणून हे लिहून राहिलो.

आमचं घर म्हणजे हिंगोलीतल्या साहेब लोकांच्या क्लबामागच्या दोन खोल्या, वर पत्रा. क्लब हे नाव मोठं. तिथं पत्ते खेळायची एक खोली, एक पाय मोडका कॅरम आणि मागं टेनिसचं कोर्ट, एवढाच कारभार. कोर्ट आमच्या बाच्या ताब्यात. खाली मुरूम, वर चाळलेली माती, त्याच्यावर दगडी रोलर, आणि सगळ्यात वर शेणकाल्याचा हात. आजच्या पोरांना सांगितलं की नाक दाबतात, पण तवा अशीच कोर्टं असायची. शेण नसलं तर उन्हाळ्यात इतका फुफाटा उडायचा की एका बाजूच्या साहेबाला दुसऱ्या बाजूचा साहेब दिसायचा नाही. रोलर ओढायला बा आणि मी. त्याच्या दांड्याची करकर पहाटं सुरू झाली की पत्र्यावरची कबुतरं उडायची आणि माय आतून ओरडायची, "जरा तेल घाला त्याच्या नरड्यात!" बा कधीच तेल घालत नव्हता. म्हणायचा, आवाज आला की साहेबांना कळतं, काम चालू हाय. संध्याकाळी चेंडूची टप टप ऐकू आली की माय चहाचं आधण ठेवायची, आणि टप टप थांबली की भाकरीला पीठ घ्यायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, कधी अडलं बी नाही. ज्वारीची भाकर, येसराची आमटी, वर ठेचा. ठेचा मायचा असा की बाला रोलर ओढून जेवढा घाम यायचा नाही तेवढा जेवताना यायचा.

माझं लगीन झालं तवा मला मिसरूड नीट फुटली नव्हती. बायको साखऱ्याची, प्रयाग. साखऱ्यात तिच्या हाताच्या सारवणाचं नाव होतं. कुणाच्या घरी कार्य असलं की तिला बोलवायचे. पोतेऱ्यानं नाही, तळहातानं सारवायची ती, एकावर एक अर्धगोल काढत मागं मागं सरकत, आणि वाळल्यावर भुई अशी दिसायची की तिच्यावर भात वाढून खावा. तोंड मात्र हातासारखं मऊ नव्हतं. मनात आलं की बोलून मोकळी. माझ्या मायला अशी सून पाहिजे नव्हती, कारण घरात असं बोलणारी एक आधीच होती. मला मात्र ती फार आवडायची. आमच्या काळी नवराबायकोनं घरात बोलायची रीत नव्हती, तर आम्ही कोर्टामागच्या हौदावर बोलायचो. मी बादलीनं पाणी काढायचो, ती घागर धरायची. एक घागर भरायला आम्ही इतका वेळ लावायचो की माय विचारायची, "हौद कोरडा पडला का रं?"

आता डॉक्टरीणबाईंची गोष्ट. सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, पुण्याकडच्या, सडपातळ, चष्मा लावणाऱ्या. त्यांना टेनिस येत होतं. तोवर आमच्या कोर्टावर बाईमाणूस फक्त सारवायला यायचं. साहेब लोकांनी दोन दिवस तोंडं वाकडी केली, पण साहेबांच्या बायकांची बाळंतपणं त्याच बाई करणार होत्या, म्हणून कुणी उघड काही बोललं नाही. बाई पहिल्या दिवशी आल्या त्या पांढरी सलवार, पांढरा कुडता आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. प्रयाग नुकतीच कोर्ट आवरून कडेला हात धूत होती. माझ्या मायनं तिला खराटा फिरवायचं काम दिलं होतं, पण नव्या सुनेला कोर्ट म्हणजे काय आणि अंगण म्हणजे काय हे कोण सांगणार? तिच्या लेखी सारवलेली जागा म्हणजे घर. बाईंनी रेघेच्या आत पाय टाकला मात्र, ही जागेवरनं ओरडली, "ओ बाई, सारवलंय! पायातलं काढा!"

बाच्या हातातला चुन्याचा डबा खाली पडला. पत्त्याच्या खोलीतून क्लबाचे सेक्रेटरीसाहेब बाहेर आले. डॉक्टरीणबाई खाली बघायला लागल्या, आपल्या बुटांकडं, मग भुईकडं, आणि काय मनात आलं कोण जाणे, खाली बसल्या आणि बूट काढले. मोज्यांसकट. अनवाणी कोर्टाच्या मधोमध जाऊन आल्या. म्हणाल्या, "खरंच छान सारवलंय गं. पण हे बूट चपलेसारखे बाहेर फिरायचे नाहीत. हे फक्त कोर्टावरच घालायचे असतात. घालू का आता?" प्रयागनं मान हलवली. परवानगी दिली म्हणा. बाई हसत हसत खेळायला गेल्या.

पण सेक्रेटरीसाहेब हसले नाहीत. त्यांनी बाला बाजूला घेतलं. "सून आवरा. परत असं झालं तर खोल्या रिकाम्या करा." बा घरी आला, साहेबांचा शब्द तेवढा सांगितला आणि भिंतीला टेकून बसला. त्याच्या अशा बसण्याचीच मायला जास्त भीती वाटायची. मायनं फैसला केला. "हिला साखऱ्याला पाठवा. वरीसभर राहू द्या मायबापाकडं, तोंड आवरायला शिकून येऊ द्या." साखऱ्याचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्याकडं निरोप गेला की पुढच्या बाजाराला तुळशीरामानं यावं आणि बहिणीला घेऊन जावं. तुळशीराम म्हणजे प्रयागचा थोरला भाऊ.

वरीसभर म्हणायला सोपं असतं. अशा पाठवलेल्या पोरी मी बघितल्या होत्या. वरसाचं दीड वरीस, दीडचं दोन, मग कुणीतरी म्हणतं आता काय आणायची, पोराला दुसरी बघा. हे मला माहीत होतं आणि तिला बी. हौदावर ती म्हणाली, "तुमी बोला ना आत्याबाईला." मी म्हणालो, "बोललो." खरंच बोललो होतो. मायनं मला लाटण्यानं उत्तर दिलं होतं, खांद्यावर. ते दाखवलं तवा एवढ्या दुःखात बी ती हसली.

बाजारापर्यंतचे ते आठ दिवस तिनं एकच काम केलं, काम करता करता बूट बघितले. तिला बाईंच्या बुटांचा नादच लागला. भुईवर चालणारे आणि तरी भुई बाटवत नाहीत असे बूट तिनं पहिल्यांदा बघितले होते. मला सांगायची, "बाईचा पाय बुटात खेळतो बघा. पळताना टाच वर येती अन् बूट खालीच राहतो." मी नीट बघितलं तर खरं होतं. मग बाईंनीच एकदा सांगितलं, हिंगोलीत काय, परभणीत बी बाईमाणसाचे टेनिसचे बूट मिळत नव्हते, म्हणून त्यांनी शाळेच्या पोराचे बूट घेतले होते आणि पुढं कापूस कोंबला होता. रुंदीला ढिले, टाचेला ढिले. समोरचा चेंडू असला तर चालून जायचं. आडवं पळायची वेळ आली की पाय आधी पोचायचा, बूट मागून यायचा. रोज टाचेला फोड. डॉक्टर असून स्वतःच्या टाचेला पट्टी बांधून खेळायच्या. प्रयाग म्हणाली, "मग अनवाणी खेळा ना बाई." त्या म्हणाल्या, "खेळले असते. पण मुरुमाचा खडा लागला की दवाखान्यात उभं कोण राहणार?"

बाजाराच्याच दिवशी नांदेडहून एक इंजिनियरीणबाई खेळायला येणार असं ठरलं. इंजिनियराची बायको म्हणून आम्ही त्यांना इंजिनियरीण म्हणायचो, त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. बाईमाणसाचा सामना हिंगोलीत पहिल्यांदाच. सेक्रेटरीसाहेबांनी बाला बजावलं, कोर्ट एकदम फर्स्टक्लास पाहिजे. आता झालं असं की त्याच दिवशी सकाळी मायला पुसेगावला जावं लागलं, तिच्या भाचीची सुपारी फुटणार होती. ती पहिल्या गाडीनं गेली, दुपारी परत यायचं म्हणून. जाताना प्रयागला म्हणाली, "पावण्या बाया येणार हायत. चांगलं कर. अंग चोरू नको, शेवटचं तेवढं नीट करून जा." मी आणि बा बैलगाडी घेऊन शाळेतून बाकडी आणायला गेलो.

शेवटचं नीट करून जा, एवढंच त्या पोरीच्या डोक्यात बसलं. आम्ही बाकडी घेऊन आलो तवा बा गाडीवरून उतरायचाच विसरला. कोर्टाला खराट्याचा हात द्यायचा असतो, एका दिशेनं, म्हणजे वाळल्यावर बारीक खरखर राहती आणि बूट तिला धरतो. प्रयागनं खराटा हातात घेतलाच नव्हता. तिनं अख्खं कोर्ट तळहातानं सारवलं होतं, पांढरी माती घालून, अर्धगोल काढत, पार जाळीपर्यंत. आरशासारखी भुई. आणि पावण्या सवाष्णी येणार म्हणून चारी कोपऱ्यांत रांगोळी, आणि दोन्ही अंगांना मधोमध एकएक मोठं कमळ, गुलाल भरलेलं. चुन्याच्या रेघांवर तिनं हळदीकुंकवाची बोटं बी ओढली होती. स्वतः हौदाजवळ कोपरापर्यंत शेणानं माखलेली उभी. मला म्हणाली, "कसं झालं?"

काय सांगू तुम्हाला, इतकं सुंदर कोर्ट मी परत बघितलं नाही. हल्ली मयुरी फोनमध्ये परदेशातली कोर्टं दाखवती, निळी, हिरवी, लाल. मी म्हणतो असतील बापा.

बा म्हणाला, "पोरी, ह्याच्यावर खेळणार कसं?" पण तोवर जीप फाटकातून आत आली होती आणि बाजारातली निम्मी गर्दी मागोमाग. इंजिनियरीणबाई उतरल्या. चांगल्या थोराड, केस वर बांधलेले, आणि गुडघ्याएवढा पांढरा झगा घातलेला. गर्दीनं आधी झग्याकडं बघितलं. प्रयागनं बुटांकडं बघितलं आणि माझी बंडी ओढली. "ते बघा. ते बघा." पहिल्यांदा आम्ही बाईमाणसासाठी केलेले टेनिसचे बूट बघितले. मुंबईहून आणलेले. टाचेला घट्ट बसलेले, पुढं बोटाजवळ रबराची टोपी, तळ जाड आणि त्याला आडव्याउभ्या खाचा. बाई चालत होत्या तर पाय आणि बूट एकाच वेळेला उचलत होते. आमच्या डॉक्टरीणबाई त्या बुटांकडं अशा बघत होत्या की जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतं.

त्याच वेळेला तुळशीराम आला. डोक्याला पटका, काखेत गाठोडं, आणि तोंड पडलेलं. तो फाटकाजवळ गर्दीत उभा राहिला. प्रयागनं त्याला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मग परत बुटांकडं बघायला लागली.

सामना सुरू झाला. इंजिनियरीणबाईंनी पहिला चेंडू मारायला पाय टाकला, आणि पाय गेला तो गेलाच. एवढे मुंबईचे बूट, पण करणार काय? वरचं सारवण अजून आतून ओलं होतं. खाचांनी त्याची साय उचलली, खाचा भरल्या, आणि नक्षीचा तळ पाटासारखा सपाट झाला. बाई बसल्या त्या बराबर कमळाच्या मधोमध. इकडं डॉक्टरीणबाई त्यांना उचलायला धावल्या, तर पोराचा बूट तिथंच राहिला आणि त्या मोज्यावर सरकत जाळीला जाऊन धडकल्या. गर्दीत एक म्हातारा म्हणाला, "हे टेनिस हाय का? मला वाटलं येगळंच असतं."

सेक्रेटरीसाहेब लाल झाले. "कुणी केलं हे? कुणी केलं?" बा पुढं व्हायच्या आत प्रयाग म्हणाली, "मी." मग साहेबांचं तोंड सुटलं. गावंढळ, अडाणी, शेणातली, काय काय बोलले. "आत्ताच्या आत्ता हिला घालवा. हिचा पाय परत क्लबात दिसता कामा नये." मी पुढं झालो होतो, हाताची मूठ वळली होती हे मला आठवतं, पण त्याच्या आधीच मागून गर्दी हलली. माय आली होती. पुसेगावची गाडी चुकली म्हणून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आली होती, अंगावर फुफाटा, हातात सुपारीच्या लाडवांची पिशवी. तिनं कोर्ट बघितलं, रांगोळी बघितली, सुनेकडं बघितलं. मी डोळे मिटले.

"साहेब," माय म्हणाली, "सून माझी हाय."

"मग नेऊन ठेवा तिला घरी!"

"नेईन की. तिला बोलायचं तेबी बोलीन. घरात नेऊन बोलीन, दार लावून बोलीन, उपाशी ठेवून बोलीन. पण मी बोलीन. तुमी काहून बोलून राहिले?"

"अहो बाई, कोर्टाचं वाटोळं केलं तिनं!"

"वाटोळं? ती कमळं बघा तरी. तुमच्या घरी दिवाळीला निघती का आशी?" माय थांबणारी नव्हती. "मीच सांगून गेले होते, पावण्या बाया येणार, चांगलं कर म्हणून. तिनं केलं. खराट्यानं कर म्हणायचं माझ्या ध्यानात न्हाई राहिलं. आता चूक माझी म्हणा न्हाईतर पुसेगावच्या गाडीची म्हणा."

मायनं माझ्या बायकोची बाजू घेतली! बा तोंड उघडं ठेवून बघत होता. मला वाटतं तिचं तिलाच नवल वाटत होतं, कारण बोलून झाल्यावर तिनं लाडवांची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

इंजिनियरीणबाई एव्हाना उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या पाठमोऱ्या झाल्या आणि सगळी गर्दी हसायला लागली. झग्यावर मागं गुलालाचं आख्खं कमळ उमटलं होतं, पाकळी न् पाकळी. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. मला वाटलं आता रडारड. बाईंनी मान वळवून मागं बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग त्या असल्या हसल्या की जीपचा ड्रायव्हर पळत आला. म्हणाल्या, "मी नांदेडहून बसायला नाही आले. कोर्ट किती वेळात होईल?"

"चहा घ्या, लाडू खा. तवर करतो," माय म्हणाली. पिशवी तिनं साहेबांच्या हातात दिली आणि पदर खोचला.

मग गावानं असा सामना बघितला की टेनिस त्याच्यापुढं काहीच नाही. मी आणि बा घमेल्यानं बारीक मुरूम टाकत पुढं, आणि मागून सासू आणि सून, दोघींच्या हातात खराटे. माय ओरडून राहिली, "दाब! हातानं न्हाई, खांद्यानं दाब! खरखर राहू दे. हे घर न्हाई, हिथं बूट नाचणार हायत! गुळगुळीत करती का परत? टाकू का खराटा पाठीत?" आणि प्रयाग, "दाबून राहिले ना! तुमच्याच अंगाला चाललाय बघा वाकडा!" "माझ्या तोंडाला लागती?" "तुमी बोलता म्हणून!" दोघी भांडत भांडत पार जाळीपर्यंत गेल्या, जाळीखालून वाकून पलीकडं गेल्या, आणि पलीकडं बी भांडण चालूच. गर्दी टाळ्या वाजवायला लागली. तुळशीराम गाठोड्यावर बसून बघत होता. ऊन कडक होतं, वारा होता, बघता बघता भुई वाळली. चारी कोपऱ्यांतली रांगोळी मायनं तशीच राहू दिली. म्हणाली, तिथं कोण जातंय मरायला.

आणि मग ते बूट चालले. काय चालले! इंजिनियरीणबाई अंगानं जड, पण त्या बुटांत हलकी झाली ती बाई. पळत यायची, पाय टाकायची, तळ आधी जरा सरकायचा, मग खरखरीला धरायचा, आणि बाई जिथल्या तिथं थांबून चेंडू मारायची. डावीकडं गेली की बूट तिच्या संगं डावीकडं. पाय आत एक बोट हलत नव्हता. मुरुमावर तिच्या बुटांच्या रेघा बघायला पाहिजे होत्या तुम्ही, आखून काढल्यासारख्या. चेंडू मारताना मागचा पाय ओढायची तर रबराची टोपी घासली जायची, बोट नाही. डॉक्टरीणबाई खेळायला त्यांच्यापेक्षा सरस, हे सगळ्यांना दिसत होतं. हात चांगला, नजर चांगली. पण पाय टाकला की पाय बुटात आधी आतल्या आत पळायचा आणि मग बूट पळायचा. तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. त्यांच्या खुणा वेड्यावाकड्या, कुठं टाच, कुठं नुसतं बोट. शेवटी शेवटी तर लंगडत खेळल्या. हरल्या. पण हसत हरल्या.

सामना झाल्यावर दोघी बाकड्यावर बसल्या. इंजिनियरीणबाईंनी आमच्या बाईंची टाच बघितली, रक्त आलेलं. त्यांनी आपले बूट काढले आणि पुढं सरकवले. डॉक्टरीणबाईंनी आधी नको नको केलं, मग एक बूट घातला, नाडी बांधली, उभ्या राहिल्या. जरा ढिला होता, पण टाच बसली. त्या कोर्टावर गेल्या, एक पाऊल पुढं, दोन आडवी, परत मागं. थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढी शिकलेली बाई. म्हणाल्या, "अहो, हा तर माझ्या पायाचा आहे."

मग बाया जमल्या. शाळेची बाई, सेक्रेटरीसाहेबांची बायको, बाजाराला आलेल्या चार जणी. सगळ्यांनी बूट पायाला लावून बघितला. मायनं बी बघितला, पण तिच्या पायाची पसरट बोटं आत जाईनात. म्हणाली, "आमच्या पायाचे बूट अजून कुणी केले न्हाईत." आणि वळून प्रयागला म्हणाली, "तू घाल गं. उभी काय? मघाधरनं बघून राहिली आधाशासारखी." प्रयागनं पाय धुतले, पदराला पुसले, आणि बूट घातला. एकाच पायात. लुगडं हातानं वर धरून एवढ्या माणसांत ती पळत सुटली. एका पायात बूट, एक अनवाणी, टप पटक टप पटक, पार त्या टोकापर्यंत. वळली आणि माझ्याकडं बघून ओरडली, "अहो, घसरतच न्हाई!"

नवऱ्याला चारचौघांत हाक मारायची नसती. मायनं कपाळाला हात लावला.

माणसं पांगली, जीप गेली. तुळशीराम उठून आला, मायच्या पाया पडला. गाठोडं त्यानं काखेत घेतलं, पण निघंना. म्हणाला, "मावशी, मग काय करू? नेऊ का न्हाई?"

माय रोलरच्या दांड्याला टेकून लाडू खात होती. "काय न्यायचं? हिला अजून खराटा धरता येत न्हाई," ती म्हणाली. "तोंड तर काय, ते जाणारच न्हाई तिचं. पंचमीला ये. मुराळी म्हणून ये, बहिणीला माहेरी न्यायला, रीतसर, बैलांच्या शिंगांना रंग लावून. चार दिवस झोके खेळून येऊ दे. पाचव्या दिवशी परत आणून सोड." मग जरा थांबून म्हणाली, "धपाटे करते, खाऊन जा." प्रयाग तवर पीठ मळायला आत गेली होती, आणि आतून भांड्यांचा इतका आवाज येत होता की बा म्हणाला, "परात फुटंल."

पंचमीला तुळशीराम आला. शिंगांना हिरवा रंग लावून आला. तवापासून दरवर्षी आला. बैलगाडी गेली, फटफटी आली, मग त्याच्या पोराची जीप आली, पण त्यानं एक पंचमी चुकवली नाही. तिला न्यायचा आणि पाचव्या दिवशी आणून सोडायचा. ती चार दिवस नसली की मला घर खायला उठायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला माहीत होतं, म्हणून ती डबे भरून ठेवून जायची.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी तुळशीरामचा फोन आला. तो बी आता म्हातारा, कानानं कमी ऐकतो. फोन लावल्या लावल्या मोठ्यांदी म्हणाला, "दाजी, उद्या न्यायला येऊ ना?" सवयीनं बोलून गेला होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हणालो, "ये. मला ने."